कामाची उद्दिष्टं पार पडतात, स्वतःची राहून जातात. वर्षाची आखणी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की वय 31, हिंजवडीत नोकरी, आणि दर जानेवारीला वहीत दहाबारा संकल्प उतरवता: प्रमोशन, क्लाउडचं सर्टिफिकेट, महिन्याला एक ट्रेक, पेटी शिकणं, आईवडिलांना कुठेतरी फिरवून आणणं. डिसेंबरात वही उघडली की कामाचे संकल्प पुरे झालेले असतात, बाकीचे जागच्या जागी. मग विचारता, माझ्यात शिस्त कमी आहे का?

नाही. नोकरी सांभाळून ज्याने सर्टिफिकेट मिळवलं त्याला शिस्त शिकवायची गरज नाही. कामाच्या उद्दिष्टाला तारीख असते, आणि ते झालं का हे विचारणारं माणूस असतं. मॅनेजर विचारतो, क्लायंट विचारतो, अप्रेझलचा फॉर्म विचारतो. पेटी शिकलात का हे कोणी विचारत नाही.

मी सीए आहे. पुण्यात छोटी प्रॅक्टिस आहे, त्यामुळे माझं सगळं आयुष्य तारखांवर चालतं. 31 जुलैनंतर प्राप्तिकराचं विवरणपत्र भरलं तर 5,000 रुपयांपर्यंत लेट फी बसते, म्हणून लोक 30 तारखेच्या रात्री अकराला का होईना, फॉर्म 16 व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. पेटीला लेट फी नाही. आईवडील तर आपणहून म्हणतात, "तुझं काम आधी बघ बाबा, आम्ही कुठे पळून चाललोय?" ज्या गोष्टींची आपल्याला मनापासून ओढ असते त्याच पुढे ढकलणं सगळ्यात सोपं असतं, आणि म्हणून वर्षानुवर्षं त्याच पुढे जातात.

म्हणून माझा सल्ला असा की वही उलट बाजूने भरा. आधी विरंगुळा लिहा, काम नंतर. आणि विरंगुळा लिहिताना तीन गोष्टी शेजारी लिहा: कोणत्या तारखेला, किती पैसे, आणि तिथे तुमची वाट कोण बघणार आहे. या तीनपैकी एकही लिहिता आली नाही तर ती अजून नुसती इच्छा आहे. यंदाच्या यादीत तिला जागा देऊ नका.

पण त्याआधी एक काम करा. भिंतीवरचं कालनिर्णय काढून टेबलावर पसरा आणि तुमच्या कामाचा हंगाम त्यावर खूण करून घ्या. प्रत्येक धंद्याला सुगी असते आणि उसंतही असते. 1 जानेवारीला केलेले संकल्प बहुतेक वेळा हे बघतच नाहीत, सगळे महिने सारखेच धरून चालतात. माझंच सांगते. एप्रिल तसा हलका. 31 मेला टीडीएसचं, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेल्या कराचं, चौथ्या तिमाहीचं विवरण, 15 जूनला अ‍ॅडव्हान्स टॅक्सचा पहिला हप्ता आणि फॉर्म 16 देण्याची शेवटची तारीख. मग जुलै पूर्ण भरलेला, ऑगस्ट-सप्टेंबर टॅक्स ऑडिटचे, म्हणजे धंद्यांचे हिशेब करासाठी तपासण्याचे. डिसेंबरात पुन्हा 15 तारीख, आणि मार्चबद्दल तर बोलायलाच नको.

हे एकदा कागदावर उतरलं की फटी दिसायला लागतात. 31 मे ते 15 जून या दोन तारखांच्या मध्ये माझ्याकडे साधारण दहा दिवसांची फट असते, आणि नेमके तेच दिवस भंडारदऱ्याकडे काजव्यांचे. वळवाचे दोनतीन पाऊस झाले की अकोले तालुक्यातल्या त्या रानात हिरडा, बेहडा, सादडा अशी झाडंच्या झाडं एका लयीत उजळतात आणि विझतात. जोराचा पाऊस लागला की संपलं. म्हणजे निसर्गाचीही एक मुदत आहे आणि ती कोणी वाढवून देत नाही. आम्ही मुक्कामाचं घर एप्रिलमध्येच ठरवतो, आगाऊ पैसे देऊन टाकतो, आणि शक्यतो सोमवार ते गुरुवार जातो, कारण शनिवार-रविवारी गाड्यांच्या दिव्यांपुढे काजवे दिसेनासे होतात. (जाणार असाल तर टॉर्च आणि फ्लॅश खरंच बंद ठेवा. तो त्यांचा मीलनाचा काळ आहे.)

कासचं पठार मात्र मी माझ्या यादीतून काढून टाकलंय. तिथला फुलांचा बहर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीचा, म्हणजे अगदी ऑडिटच्या ऐन गर्दीतला. दरवर्षी ते लिहायचं आणि दरवर्षी हळहळायचं, त्यापेक्षा जे माझ्या हंगामात बसतं तेच लिहिते. विरंगुळ्याची निवड नुसत्या आवडीने होत नाही, कामाच्या ऋतूनेही होते. हे मान्य केलं की अर्धी चिडचिड तिथेच संपते.

सवाई गंधर्व महोत्सवाचं गणित जरा अवघड आहे. भीमसेन जोशींनी 1953 मध्ये आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव पुण्यात डिसेंबरच्या मधल्या आठवड्यांत असतो, आणि 15 डिसेंबरला अ‍ॅडव्हान्स टॅक्सचा तिसरा हप्ता. दोन्ही अंगावर आदळतात. पण मला सवाई सोडायचा नाही, त्यामुळे काम मागे सरकवते. सगळ्या अशिलांना दिवाळीनंतर लगेच कळवलेलं असतं की आकडे नोव्हेंबरअखेर माझ्याकडे यायला हवेत. बहुतेक जण देतात. कारण तारीख सांगितली की माणसं तारीख पाळतात, फक्त ती आपण सांगावी लागते. आणि भारतीय बैठकीत माझ्या शेजारी माझी मैत्रीण आणि तिची सासू जागा धरून बसलेल्या असतात. मी नाही गेले तर दोघी फोन करतात. "वाट कोण बघणार आहे" हे लिहायला मी म्हणते ते याचसाठी.

आता मुदतवाढीबद्दल. याचा त्रास आयटीतही तितकाच होत असेल असं मला वाटतं. 2025 मध्ये विवरणपत्रांची 31 जुलैची मुदत वाढून 15 सप्टेंबर झाली. ऐकणाऱ्याला वाटतं, बरं झालं, दीड महिना जास्त मिळाला. पण त्या वर्षी गणपती 27 ऑगस्टला बसले आणि अनंत चतुर्दशी 6 सप्टेंबरला होती, म्हणजे अख्खा गणेशोत्सव मुदतीच्या आत आला. पुढे ऑडिट अहवालाची 30 सप्टेंबरही आधी 31 ऑक्टोबर आणि मग 10 नोव्हेंबर झाली, आणि त्यात दिवाळी सापडली. शेवटच्या तारखेने कोणाची सुट्टी बुडत नाही, कारण ती आधीपासून माहीत असते. सुट्टी बुडते ती पुढे सरकलेल्या तारखेने. तुमच्याकडे रिलीज दोन आठवडे पुढे जाते तेव्हा हेच होतं: काम संपलेलं नसतं, आणि ते संपल्यावर करू म्हणून ठेवलेलं सगळं त्याच्यामागे रांगेत उभं राहतं.

यावर दोन उपाय. एक, प्रत्येक मोठ्या बेताला वर्षाच्या सुरुवातीलाच एक राखीव तारीख लिहून ठेवा. दुसरा जास्त महत्त्वाचा: "हे झालं की मग" अशी अट विरंगुळ्याला कधीच घालू नका. माझं आजोळ शेतकऱ्याचं. नांगरट किती उरली आहे हे बघून पोळा ठरत नाही. श्रावणी अमावास्या आली की बैलाच्या खांद्यावर त्या दिवशी जू ठेवायचं नाही, मग शेत कितीही अडलेलं असो. आदल्या संध्याकाळी त्याचे खांदे हळद-तुपाने चोळतात. वर्षभर ज्याच्या जिवावर घर चालतं त्याची विश्रांती आधीच पंचांगात लिहून ठेवायची, ही रीत मला फार शहाणपणाची वाटते.

तुमच्या यादीकडे येते. महिन्याला एक ट्रेक हे मला उद्दिष्ट वाटत नाही, तो हप्ता आहे. एक महिना चुकला की वर्षाचा हिशेब मोडतो आणि मग मन उठतं. त्याऐवजी पावसाळ्यातला एक आणि थंडीतले दोन किल्ले ठरवा, नावं आत्ता लिहा, सोबती आत्ता पक्के करा. तुमचे क्लायंट अमेरिकेतले असतील आणि दुकानदारीच्या धंद्यातले नसतील, तर थँक्सगिव्हिंगपासून नाताळापर्यंत कामाचा जोर सहसा ओसरतो, कोड फ्रीझही असतो, म्हणजे त्या दिवसांत सॉफ्टवेअरमध्ये नवे बदल करत नाहीत. सह्याद्रीत चालायला डिसेंबरसारखा महिना नाही. राजगडावर पद्मावती माचीला एक मुक्काम त्या दिवसांत टाका.

पेटीचं तर मला तुमच्या वहीतलं सगळ्यात जास्त आवडलं. पण "पेटी शिकणं" याला शेवट नाही, म्हणून त्याला सुरुवातही होत नाही. परीक्षेच्या मागे पहिल्या वर्षी लागू नका, ती पुन्हा नोकरीसारखी होते. असं लिहा: गणपतीत घरच्या आरतीला पेटी मी वाजवणार. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला येते, म्हणजे एरवीपेक्षा थोडे जास्त दिवस हाताशी मिळतात. घरात आत्ताच सांगून टाका. चार आरत्या नीट वाजवायला आठवड्यातून दोनदा शिकवणी आणि रोज थोडा हात फिरवणं एवढं पुरतं, आणि दहा-पंधरा माणसं टाळ घेऊन तुमच्या पहिल्या सुराची वाट बघणार आहेत हे डोक्यात असलं की हात आपोआप पेटीकडे जातो.

आईवडिलांचं मात्र यादीत सगळ्यात वर घ्या. ट्रेक पुढच्या वर्षीही करता येईल, पेटी पन्नाशीतही शिकता येते. त्यांचे गुडघे जोवर पायऱ्या चढू देतात तोवरच हंपी, काशी, अजिंठा. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, नोव्हेंबर 2024 पूर्वी ते 120 दिवस आधी उघडायचं. म्हणजे डिसेंबरच्या मध्याला जायचं तर ऑक्टोबरच्या मध्याला सकाळी आठला तिकीट काढायचं. वहीत प्रवासाची तारीख लिहाल तेव्हा तिकिटाचीही लिहा. माझ्या मते जास्त मोलाची तारीख तीच आहे.

एवढ्यावर थांबा. विरंगुळ्याची तीन आणि कामाची दोन, यापेक्षा जास्त उद्दिष्टं एका वर्षात मावत नाहीत. कामाची दोन लिहिताना प्रत्येकापुढे काय सोडणार तेही लिहा: प्रमोशन हवं असेल तर कोणतं जुनं काम दुसऱ्याच्या हाती देणार, सर्टिफिकेटचा अभ्यास कोणत्या वेळेतून काढणार. हे लिहिलं नाही तर तो वेळ पेटीतूनच कापला जातो.

आणि कृपा करून विरंगुळ्याची मोजदाद करू नका. किती पुस्तकं, किती किलोमीटर, सलग किती दिवस असं अ‍ॅपवर टाकत बसलं की संध्याकाळची मोकळी वेळही ऑफिसच्या डॅशबोर्डसारखी होते. तारीख धरून तिथे हजर राहायचं, एवढंच. तिथे गेल्यावर काय आणि किती झालं याचा जाब कोणालाही द्यायचा नाही, स्वतःलासुद्धा.

रोजच्या समतोलाच्या मागेही फार लागू नका. रोज आठ तास काम, दोन तास छंद, हे ऐकायला छान आहे, पण जुलैत मला ते कधीच जमणार नाही आणि रिलीजच्या आठवड्यात तुम्हालाही नाही. जुलैत मी निमूट काम करते, कारण जून माझा होता हे मला ठाऊक असतं. समतोल वर्षाचा बघावा. फक्त झोप आणि जेवण या दोन गोष्टी रोजच्या रोज सांभाळायच्या, त्यांची भरपाई सुट्टीत होत नाही.

शेवटी रजेचं, कारण तुम्ही लिहिलंय की रजा मागायचा संकोच वाटतो. महाराष्ट्राच्या 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षात 240 दिवस काम भरलं की कामाच्या दर 20 दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा आहे, शिवाय 8 दिवस नैमित्तिक रजा आणि 8 सणांच्या सुट्ट्या. भरपगारी रजा 45 दिवसांपर्यंत साठवता येते. व्यवस्थापकीय पदांना हा कायदा लागू होत नाही, त्यामुळे तुमचं पद कुठे बसतं आणि कंपनीचे नियम काय आहेत ते एचआरकडून लेखी घ्या, म्हणजे डिसेंबरात रजा वाया जाणार नाहीत. वर्षाच्या सुरुवातीला तीन तारखा एकदम मॅनेजरला मेलवर कळवा. सहा महिने आधी सांगितलेली रजा सहसा नाकारली जात नाही, आदल्या आठवड्यात मागितलेली अडते.

पगारात एलटीए, म्हणजे रजेतल्या प्रवासाचा भत्ता, असेल आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल तर अजून एक. चार कॅलेंडर वर्षांच्या गटात दोन प्रवासांच्या भाड्यावर करसवलत मिळते, आणि सध्याचा गट 2026 ते 2029 असा आहे. प्रवास देशातला हवा, आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांचं भाडंही त्यात धरतात. हॉटेल आणि जेवणाचा खर्च धरत नाहीत. तिकिटं आणि बोर्डिंग पास जपून ठेवा.