नारू औषधाशिवाय गेला म्हणतात, मग पोरांच्या पोटातले जंत का जात नाहीत?

नारू म्हणजे अंगातून दोऱ्यागत बाहेर निघणारा जंत. त्यावर औषध तेव्हा नव्हतं, आजही नाही. हे आधीच सांगतो, कारण आमचे काका अजून म्हणतात, "दिल्लीहून सुई आली म्हणून गेला." कुठली सुई!

आमचं गाव कर्नाटकातल्या अथणी तालुक्यातलं, दुष्काळी पट्ट्यात. वाड्यामागं पायऱ्यांची विहीर. मी चौथीत असताना ऐन चैत्रात आज्जांच्या घोट्यावर फोड आला. आग इतकी, की रोज पहाटे ते शेवटच्या पायरीवर बसून पाय पाण्यात सोडायचे. फोड फुटला आणि पांढरा दोरा बाहेर आला. बाभळीच्या काडीला गुंडाळून तो रोज दोन बोटं ओढायचा. आठव्या दिवशी घाईत तुटला. पाय कोहळ्यागत सुजला, त्या साली पेरणी हुकली, आणि आज्जा कायमचे लंगडे झाले.

पुढच्या उन्हाळ्यात घरात चौघांना नारू. त्यात काका. सगळ्यांनी एकमुखानं ठरवलं, की ही पीडा खालच्या वस्तीनं आणली.

आता बघा. पाय पाण्यात गेला की नारूची मादी अळ्या सोडते. त्या अळ्या सायक्लॉप्स नावाच्या पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात जातात, ते किडे आपण पाण्याबरोबर पितो, आणि साधारण वर्षानं मीटरभर दोरा पायातून निघतो. म्हणजे विहीर बाटवायची तर खाली उतरून पाण्यात पाय घालायला हवा. वस्तीतल्यांना आमच्या विहिरीची पहिली पायरीसुद्धा मोकळी नव्हती. त्यांच्या घागरीत आम्ही वरून ओतायचो. नारू त्यांनी आणला नाही, आम्हीच त्यांना ओतून दिला. हे एका लग्नाच्या पंगतीत बोललो, तर काका दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत.

१९८३-८४ला देशभर निर्मूलन मोहीम सुरू झाली. आमच्याकडं आलेला आरोग्यसेवक कानडी, आजीला मराठीशिवाय काही येत नव्हतं. त्यानं कोळशानं भिंतीवर किडा काढून दाखवला आणि पाणी गाळायला फडकं दिलं. मग पायऱ्या बुजवल्या, कठडा बांधला, कप्पी बसवली. काकांनी त्यावरही अर्ज केला होता, वाड्याची शोभा जाते म्हणून. भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६मध्ये जोधपूर जिल्ह्यात सापडला. फेब्रुवारी २०००मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देश नारूमुक्त ठरवला.

तुमच्या जंतांचं म्हणाल तर, आपल्याकडं नारूची वाट एकच, पिण्याचं पाणी. ती अडवली की संपलं. जंतांची अंडी मातीत पडतात, मग कुणी हातातोंडावाटे जातो, हुकवर्म नावाचा जंत तर अनवाणी पायातून शिरतो. फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये शाळा-अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी देतात ती पोरांना द्याच, पण पोर परत त्याच मातीत खेळणार. शिवाय नारू दिसायचा, ठणकायचा. जंत झालेलं पोर नुसतं फिकं दिसतं, त्याच्यासाठी कोण कठडा बांधतो?

एक राहिलं. नारू जगातून अजून पुरता गेलेला नाही. आफ्रिकेत चाडमध्ये तो कुत्र्यांतही सापडतो, त्यामुळं तिकडं नुसती विहीर झाकून भागत नाही.

काकांच्या घोट्यावर वण आहे. कुणी विचारलं तर काटा मोडला होता म्हणून सांगतात.