मित्राला नोकरी सुचवायचीय, पण मेल कसा लिहू?

प्रश्न: ताई, मी चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत आहे, राहायला चिंचवडला. माझा शाळेपासूनचा मित्र (आम्ही दोघं सांगलीचे) गेली आठ वर्षं जर्मनीत श्टुटगार्टला टेस्टिंगमध्ये काम करतो, बायको आणि मुलगी तिकडेच. त्याचं डिपार्टमेंट बंद होणार असं त्यानेच दिवाळीला फोनवर सांगितलं, ते पण हसत हसत, म्हणून मला जास्तच लागलं. आता आमच्याकडे टेस्टिंग लॅबच्या हेडची जागा निघालीय आणि ती अगदी त्याच्या कामाची आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर तीनदा टाइप केलं, तीनदा पुसलं. त्याला वाटेल मी कीव करतोय, नाहीतर 'बघ, शेवटी आलास ना परत' असं म्हणतोय. त्याची आई सांगलीत एकटी असते, गुडघ्यांनी बेजार आहे, ते पण लिहू का? आणि अजून एक, रेफरल लागला तर कंपनी मला पैसे देते. हे सगळं मेलमध्ये कसं बसवू?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर: आधी काकूंचं. ते अजिबात लिहू नका. त्यांचे गुडघे त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहिती आहेत, आणि तुम्ही ते मेलमध्ये आणलं की तुमच्या नोकरीला नाही म्हणणं म्हणजे आईला नाही म्हटल्यासारखं होऊन बसतं, मग तो बिचारा हो पण म्हणणार नाही आणि नाही पण म्हणणार नाही, नुसता गप्प बसेल. सांगलीला गेलात की काकूंकडे चहाला जाऊन या, फोटो पाठवा, पण तो वेगळ्या दिवशी.

आता कीव. मेल त्याच्या अडचणीपासून सुरू झाला की कीव वाटते. 'तुझं डिपार्टमेंट बंद होतंय हे ऐकल्यापासून झोप नाही' असं लिहिलंत की पुढची नोकरी आपोआप मदतफंड होते. तुम्ही तुमच्याकडच्या जागेपासून सुरुवात करा, गरज कंपनीची आहे हे खरंच आहे ना, मग तसंच लिहा. साधारण असं:

'अरे, आमच्याकडे टेस्टिंग लॅबला हेड शोधतायत, दोन महिने झाले, मनासारखा माणूस मिळत नाहीये. तू तिकडे जे करतोस तेच काम आहे, फक्त इथे लॅब नवीन उभी करायचीय, म्हणजे अर्धी डोकेदुखी मशिन्सची आणि अर्धी माणसांची. जाहिरात सोबत जोडलीय, पण जाहिरातीत नसलेलं खाली लिहितो, ते आधी वाच.'

आणि खरा मेल या 'खाली लिहितो' मध्येच आहे. जाहिरात तो कुठेही वाचेल, बॉस कसा आहे ते फक्त तुम्हीच सांगू शकता. शनिवारी काम असतं का, आणि कागदावर नसलं तरी असतं का? आपल्या पिंपरी-भोसरीकडे अजून बऱ्याच ठिकाणी गुरुवारी सुट्टी असते, हे आठ वर्षांत तो विसरला असेल आणि बायकोला रविवारी सुट्टी असली की घरात पहिलं भांडण त्यावरूनच. त्याची कंपनी तिकडच्या मेटल इंडस्ट्रीच्या युनियन करारात असेल तर त्याचा आठवडा ३५ तासांचा आणि रजा वर्षाला ३० दिवस, तिथून माणूस एकदम चाकण चौकातल्या ट्रॅफिकमध्ये येणार, तर चिंचवडहून सकाळी खरंच किती वेळ लागतो तो आकडा लिहा, गूगल मॅप रात्री अकराला दाखवतो तो नको.

पगाराचं पण तसंच. तिकडे ब्रुटो आणि नेटो (कापण्याआधीचा पगार आणि हातात येणारा), आपल्याकडे सीटीसी, म्हणजे कंपनीला तुमच्यावर वर्षाला होणारा एकूण खर्च, ज्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी पण घालून आकडा फुगवतात. अंदाजे हातात किती येतील ते लिहा, व्हेरिएबल किती आणि मागच्या वर्षी ते पूर्ण मिळालं का ते पण. युरोला रुपयाने गुणून तुलना तुम्ही करू नका, त्याची त्याला करू दे, घरभाडं आणि मुलीची शाळा धरून तो बरोबर करेल.

एक गोष्ट मात्र चुकूनही लिहू नका, 'लगेच राजीनामा टाक आणि ये'. माझा भाचा म्युनिकला असतो म्हणून मला हे कळलं, जर्मनीत स्वतःहून नोकरी सोडली की बेकारी भत्ता १२ आठवड्यांपर्यंत अडवतात. तो भत्ता थोडाथोडका नाही, आधीच्या नेट पगाराच्या साधारण ६० टक्के, मूल असेल तर ६७. आणि कंपनीने काढलं तर वर वाटाघाटी करून भरपाई पण मिळू शकते. अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावाल्याची नोकरी गेली की दुसरी शोधायला नाहीतर देश सोडायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, तशी टांगती तलवार याच्यावर असेलच असं नाही, तुमची घाई त्याची समजू नका. शिवाय आठ वर्षं झालीयत म्हणजे कायम राहण्याचा परवाना घेतला असेल, आणि तो साधारणपणे सहा महिन्यांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिलं की रद्द होतो. म्हणजे तुमच्याकडे सहा महिने काम करून बघू, नाही जमलं तर परत जाऊ, असं सरळ नाहीये ते. हे तुम्ही त्याला शिकवायला जाऊ नका, त्याला पाठ असणार, फक्त 'कंपनी कधीपर्यंत थांबेल' हे एचआरला नीट विचारून तारखेसकट लिहा. जूनमध्ये शाळा सुरू होते, मुलीचं मधल्या वर्षात हलवायचं का हा प्रश्न त्या तारखेवरच अडकणार आहे.

त्याला न विचारता सीव्ही पुढे ढकलायचा नाही. एचआरला 'माझा एक मित्र आहे, त्याची नोकरी जातेय' असं तर मुळीच नाही, पगाराच्या बोलणीत तेच त्याच्या अंगावर येईल. आणि 'परत ये' हे दोन शब्द तुमच्या मेलमध्ये कुठेच नकोत, परत यायचं की नाही हे नवराबायको ठरवतील, तुम्ही जागा सांगताय, बस. शेवटी एवढं टाका: 'नको असेल तर नुसतं नको लिही, कारण द्यायची गरज नाही, मी दुसऱ्या कुणाला विचारतो.' मग दहा दिवस फोन नाही. ब्लू टिक आली तरी नाही.

राहिले रेफरलचे पैसे. लिहा ना, लपवायचं काय त्यात? उद्या तो जॉइन झाल्यावर कँटीनमध्ये दुसऱ्या कुणाकडून कळलं तर तुमचा अख्खा मेल त्याला नव्याने वाचावा लागेल. 'तू आलास तर मला एवढे मिळतात, त्यामुळे माझं कौतुक जरा कमी करून वाच' असं आकड्यासकट लिहून टाका. तो हसेल आणि निम्मे मागेल, ते द्यायचे की नाही तुमचं तुम्ही बघा.