वजन घटले, की काटा चुकीच्या वेळी पाहिला?

प्रश्न : कॉकाटीलचे (पोपटाच्या जातकुळीतला तुरेवाला पाळीव पक्षी) पिल्लू २१ दिवसांचे असताना आम्ही घरी आणले. तेव्हापासून मी त्याला सिरिंजने पिल्लांचे तयार खाद्य भरवते आहे. २७व्या दिवशी त्याचे वजन ८८ ग्रॅम होते, आज ३२व्या दिवशी ते ८४ भरले. सिरिंज पुढे केली की मान फिरवते. सासूबाई म्हणतात, दूध-पोळी कुस्करून दे. जबरदस्तीने भरवावे का? नोंदवहीच्या पानाचे छायाचित्र सोबत पाठवत आहे. (वाचक, नाशिक)

उत्तर : नोंदवहीचे पान पाठवलेत हे फार बरे केलेत, कारण तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्याच पानावर आहे. ८८ या आकड्यापुढे तुम्हीच 'रा. ९.३०, ८ मिली दिल्यावर' असे लिहिले आहे आणि आजच्या ८४ पुढे 'स. ६.३०, भरवण्याआधी'. कालवलेले खाद्य एका मिलिलिटरला जवळपास एक ग्रॅम भरते, त्यामुळे त्या रात्री काट्यावर पिल्लासोबत आठ ग्रॅम खाद्यही बसले होते. ते वजा केले तर पिल्लू तेव्हा ८० ग्रॅमच्या आसपास होते. म्हणजे पाच दिवसांत ते चार ग्रॅमने घटलेले नसून साधारण तेवढेच वाढले आहे. यापुढे वजन रोज सकाळी, पहिल्यांदा भरवण्याआधी, गळ्याखालची अन्नपिशवी रिकामी असतानाच घ्यावे. काट्यावरच्या वाटीत सुती फडके अंथरावे, म्हणजे पाय घसरून फाकणार नाहीत.

खरी घट कदाचित येत्या आठवड्यात दिसेल, आणि तेव्हा घाबरू नये. कॉकाटीलचे पिल्लू साधारण चार आठवड्यांच्या सुमारास चांगले भरते आणि उडू लागण्याच्या वेळी त्यातले सुमारे दहा टक्के वजन स्वतःहून उतरवते. ८४चे ७६ झाले, पण पिल्लू पंख फडफडवत आहे, डोळे तरतरीत आहेत आणि विष्ठा नेहमीसारखी आहे, तर ते उड्डाणाच्या तयारीला लागले आहे असे समजावे. वजन त्याखाली गेले, किंवा पिल्लू फुगून एका कोपऱ्यात बसून राहिले, तर मात्र वाट न पाहता पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यांना दाखवावे.

मान फिरवण्याची दोन कारणे संभवतात. एक म्हणजे भूकच कमी झाली आहे, जे या वयात स्वाभाविक आहे. दुसरे म्हणजे खाद्य गार झाले आहे. तुम्ही ते मनगटावर थेंब टाकून पाहता असे लिहिले आहे, पण मनगटाला जे कोमट लागते ते पिल्लाला पुष्कळदा गार असते. थर्मामीटर वापरावा आणि खाद्य ३९ ते ४१ अंश सेल्सिअस ठेवावे. त्याहून फार गरम दिले तर अन्नपिशवी आतून भाजते, आणि ते बाहेरून दिसायला काही दिवस जातात. मायक्रोवेव्हमध्ये खाद्य मधेच एखाद्या ठिकाणी उकळण्याइतके तापते, म्हणून वाटी गरम पाण्यात ठेवणेच बरे. उरलेले खाद्य दर वेळी टाकून द्यावे. थर्मासमध्ये भरून संध्याकाळपर्यंत पुरवण्याची काटकसर इथे महागात पडते.

जबरदस्ती मुळीच करू नये. पिल्लू स्वतःहून मान वरखाली हलवत घास मागते, तेव्हा त्याची गिळण्याची क्रिया चालू असते. तसे नसताना सिरिंज रेटली तर खाद्य श्वासनलिकेत जाऊन पिल्लू काही क्षणांत दगावू शकते. सिरिंज चोचीच्या डाव्या बाजूने घालून टोक उजवीकडे वळवावे, कारण अन्ननलिका मानेच्या उजव्या अंगाने जाते. रात्रीचे खाद्य सकाळीही अन्नपिशवीत पिठासारखे हाताला लागले, तर त्यावर नवे भरवू नये. ते आंबते, बुरशी धरते आणि औषधाशिवाय सुटत नाही.

सासूबाईंचा आग्रह मायेचा असला तरी दूध नको. पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही. त्याऐवजी राळ्याचे कणीस पिंजऱ्यात तळाशी ठेवावे, मोड आलेले मूग, बारीक चिरलेली मेथी व उथळ वाटीत पाणी द्यावे. पहिले काही दिवस पिल्लू खाण्यापेक्षा सांडेलच जास्त. ते स्वतः टिपू लागले की आधी दुपारचे भरवणे थांबवावे आणि रात्रीचे सर्वांत शेवटी. पुष्कळ पिल्ले आठ ते दहा आठवड्यांची होईपर्यंत रात्रीचा घास मागतात. तो नाकारण्याची घाई करू नये.

प्रश्न : वादळात झाड पडले आणि ढोलीतले पोपटाचे पिल्लू मुलाने घरी आणले आहे. त्यालाही हेच खाद्य चालेल का? (वाचक, सांगली)

उत्तर : आपला रानातला पोपट वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित असून तो घरी पाळणे गुन्हा आहे, त्यामुळे खाद्याचा प्रश्न नंतरचा. पिल्लाला फडके अंथरलेल्या खोक्यात, उबेत व अंधारात ठेवून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवावे. चोचीत पाणी ओतू नये. आईवडील जवळ घिरट्या घालत असतील तर तेही सांगावे. माणसाचा हात लागला म्हणून ते पिल्लाला टाकत नाहीत, आणि शेजारच्या झाडावर सोय झाली तर तेच त्याला वाढवतील.