जुनी ऑल्टो घरी उघडायची की कर्ज काढून वॅगनआर घ्यायची?

प्रश्न : आम्ही औसा तालुक्यात राहतो. मी लातूरला एका डाळ मिलमध्ये हिशेबाचं काम करतो, पगार हातात २६,००० येतो. पत्नी लातूरलाच खासगी शाळेत शिकवते, तिला ११,००० मिळतात. घरापासून काम २४ किलोमीटर. मी मोटरसायकलवर जातो, पत्नी तीन वर्षांच्या मुलीला घेऊन एसटीने. घरखर्च २८,०००, महिन्याला ९,००० शिल्लक राहतात. बँकेत १,४०,००० आहेत. गावात एकाची २०१२ ची ऑल्टो ५५,००० ला मिळते आहे. ती ऑइल खाते आणि निळा धूर टाकते. गॅरेजवाला इंजिन कामाचे ३८,००० सांगतो. वडील एसटीच्या कार्यशाळेतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले, ते म्हणतात घरीच २५,००० मध्ये करू. ते फंडातले ५०,००० द्यायलाही तयार आहेत. चालू स्थितीतली याच सालची ऑल्टो आमच्याकडे ९०,००० ला मिळते. दुसरा पर्याय ३,१०,००० ची जुनी वॅगनआर, ७०,००० रोख आणि बाकी १४ टक्क्यांनी चार वर्षांचं कर्ज. काय करावं?

उत्तर : वॅगनआर आधी बाजूला ठेवा. २,४०,००० वर १४ टक्क्यांनी ४८ महिन्यांचा हप्ता ६,५६० च्या आसपास बसतो. तुमची शिल्लक ९,०००. म्हणजे हप्ता परवडतो असं वाटतं, पण गाडी हप्त्यावर चालत नाही, पेट्रोलवर चालते.

रोजचे ४८ किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १,२०० किलोमीटर. लिटरला १७ चं अॅव्हरेज आणि पेट्रोल १०६ रुपये धरलं तर महिन्याचे ७,५००. आज तुमच्या मोटरसायकलला साधारण २,५५० लागतात. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे पत्नीचे १,००० धरू. एकूण ३,५५०. कोणतीही छोटी पेट्रोल कार रोज काढली की महिन्याला जवळपास ४,००० जास्त लागणार. वॅगनआरच्या हप्त्यात हे, विमा आणि देखभाल मिळवली तर दरमहा ३,००० ची तूट येते. ती भरायला मग पतसंस्थेचं कर्ज किंवा सोनं तारण. तो रस्ताच नको.

आता ऑल्टो. वडिलांचा २५,००० चा अंदाज फारसा चुकीचा नाही, पण तो फक्त इंजिनचा आहे. तेही सुटं करून पाहू. गॅरेजवाल्याच्या ३८,००० मध्ये ढोबळमानाने पार्ट २०,०००, मशीन शॉपचं काम ७,००० आणि मजुरी ११,००० असते. पार्ट म्हणजे ओव्हरसाइज पिस्टन-रिंग, मेन आणि बिग एंड बेरिंग, फुल पॅकिंग किट, व्हॉल्व्ह सील, टायमिंग बेल्ट-टेन्शनर, वॉटर पंप, ऑइल सील आणि क्लच सेट. घरी केल्याने यातली फक्त मजुरी वाचते. तीन सिलिंडर बोअर करणं (झिजलेली आतली बाजू कापून मोठी करणं), होनिंग (ती घासून बारीक रेषा पाडणं), हेड फेसिंग (इंजिनच्या वरच्या भागाचा तळ सपाट करणं), व्हॉल्व्ह सीट कापणं, क्रँक ग्राइंड करणं हे वडिलांच्या हाताला कितीही येत असलं तरी बोअरिंगवाल्याकडेच जातं. शिवाय टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच आवळणारा), रिंग कॉम्प्रेसर, फीलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या), गाडी टेकवायचे चार स्टँड आणि इंजिन उचलायच्या चेन पुलीचं भाडं यांचे ६,००० धरा. निव्वळ बचत उरते ५,०००.

एवढ्यासाठी दीड-दोन महिने अंगणात गाडी उघडी ठेवायची का? माझ्या मते वडिलांच्या ज्ञानाची खरी किंमत गाडी घेण्याआधीच्या दोन तासांत आहे. तिथे ते तुमचे २०-३० हजार वाचवू शकतात.

त्या दोन तासांत काय बघायचं ते सविस्तर लिहितो, कारण सगळा निर्णय त्यावर आहे. पत्रा आधी. इंजिन नवं होतं, कुजलेला पत्रा होत नाही. मॅट उचलून पायाखालचा फ्लोअर, दाराखालच्या पट्ट्या, बॅटरीखालचा ट्रे आणि पुढच्या सस्पेन्शनची माउंटिंग स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. माउंटिंगजवळ स्क्रूड्रायव्हर आत गेला तर किंमत विचारूच नका. हिची १५ वर्षं २०२७ मध्ये भरतात. नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवायला गाडी पासिंगला न्यावी लागते, आणि सडलेला फ्लोअर तिथे अडतो.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते. तो मोजायचा टेस्टर हजाराच्या आसपास मिळतो, ओळखीच्या गॅरेजमधून एक दिवस मागून आणला तरी चालेल. इंजिन गरम करा, तिन्ही प्लग काढा, फ्यूएल पंपाचा फ्यूज काढा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. तिन्ही आकडे लिहून ठेवा. सर्वांत वरच्या आणि खालच्या आकड्यात दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कमी असलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चहाचा चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंग आणि सिलिंडर झिजलेत. तसाच राहिला तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये आहे. तिन्ही आकडे बरोबर आणि धूर फक्त सकाळी पहिल्या स्टार्टला किंवा उतारावर पाय काढून पुन्हा रेस दिल्यावर येत असेल, तर बहुधा व्हॉल्व्ह सील कडक झालेत. मग बोअर, पिस्टन, क्रँक काहीच नको, चार-पाच हजारांत काम होतं. मालकाला ३८,००० चा आकडा गॅरेजवाल्याने धूर बघून सांगितला असेल, तर ही चाचणीच तुमचा सर्वांत मोठा फायदा ठरू शकते.

तिसरी गोष्ट आपल्या भागातली. रेडिएटरचं झाकण इंजिन पूर्ण थंड असताना उघडून आत बोट फिरवा. पांढरट खर लागली तर मालक वर्षानुवर्षं बोअरवेलचं पाणी टाकत आलाय. आपल्या बोअरवेलचं पाणी क्षारांचं. ते रेडिएटरच्या नळ्यांत आणि हेडच्या पाण्याच्या वाटांत बसतं, एप्रिल-मेमध्ये गाडी तापते, अॅल्युमिनियमचं हेड वाकतं आणि गॅस्केट उडतं. अशा गाडीत इंजिन नवं करून जुना रेडिएटर ठेवला तर एका उन्हाळ्यात सगळं पाण्यात जातं. म्हणून रेडिएटर, थर्मोस्टॅट, पाण्याचे पाइप आणि पंख्याची तपासणी मिळून ५,००० इंजिनच्या खर्चातच धरा. पुढे कायम कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसला तर पाणी ऑइलमध्ये उतरतंय, तिथून किंमत आणखी खाली यायला हवी.

आता किंमत. चालू गाडी ९०,००० ला मिळते असं तुम्हीच लिहिलंय. या गाडीला पार्ट आणि मशीन शॉप २७,०००, कूलिंग ५,०००, ब्रेक ४,०००, बॅटरी ३,५०० म्हणजे ३९,५०० लागतील. उघडल्यावर निघणाऱ्या गोष्टींचे १०,०००. ९०,००० मधून हे वजा केलं की ४०,००० उरतात. हीच तुमची कमाल किंमत. ५५,००० ला घेतली तर मालकाचा तोटा तुम्ही विकत घेताय.

४०,००० ला मिळाली तर हत्यारं आणि कागदपत्रं धरून गाडी रस्त्यावर यायला एकूण १,००,००० लागतात. ९०,००० ची चालू गाडी घेतली तरी नावावर करणं, विमा, ब्रेक-बॅटरी धरून आकडा तिथेच जातो. म्हणजे पैशात दोन्ही सारख्याच. फरक इतका की एकीचं इंजिन आतून तुम्हाला ठाऊक असेल, दुसरी उद्यापासून चालेल. माझा कौल असा : पत्रा चांगला आणि मालक ४०,००० ला तयार असेल तर ही घ्या. नसेल तर ९०,००० ची चालू गाडी शोधा आणि हीच दोन तासांची तपासणी वडिलांकडून करून घ्या.

कागदांचे ४,५०० धरलेत. १,००० सीसीखालच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा वर्षाला २,०९४ रुपये, त्यावर मालक-चालक अपघात विमा आणि जीएसटी. या वयाच्या गाडीला स्वतःच्या नुकसानीचा विमा घेऊ नका, इंजिनवर कितीही घातले तरी गाडीची विम्यातली किंमत वाढत नाही. जुन्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट लागलेली नसेल तर करासह ८८० च्या आसपास. आधीच्या कर्जाचा बोजा आरसीवरून उतरलाय का आणि थकलेली चलनं किती, हे टोकन देण्याआधी परिवहन पोर्टलवर बघा. फॉर्म २९ आणि ३० वर सही घेतल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. २०२७ साठी वेगळे १०,००० साठवायला लागा. नूतनीकरणाची फी ५,००० आहे, पर्यावरण कर निराळा, मुदत हुकली तर महिन्याला ५०० दंड. अर्ज मुदतीआधी ६० दिवसांपासून करता येतो.

एक शॉर्टकट नक्की कोणीतरी सुचवेल : ‘बोअर कशाला करता, भंगारातलं चालू इंजिन टाका.’ इंजिन बदललं की इंजिनचा नंबर बदलतो, तो आरटीओत नोंदवावा लागतो. बिल नसलेलं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर गाडीच जप्त. तुमच्या ब्लॉकचं बोअर केलं तर नंबर तोच राहतो.

काम घरी करायचं ठरलं तर वडिलांसाठी काही गोष्टी. त्यांचा हात बसच्या डिझेल इंजिनवर बसलाय. तिथली जाड लोखंडी हेड आणि मोठे बोल्ट अंदाजाने आवळले तरी सोसतात. इथे हेड अॅल्युमिनियमचं आहे, बोल्ट बारीक आहेत, सवयीने आवळलं की आटे निघतात आणि हेड परत मशीन शॉपला जातं. टॉर्क पान्याशिवाय हेड बसवू नये. आवळणी मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, आकडे या इंजिनच्या वर्कशॉप मॅन्युअलमधले. बोअर करून आलेला ब्लॉक स्वच्छ दिसतो पण होनिंगची बारीक कच रेषांत बसलेली असते. गरम साबणपाण्याने ब्रशने घासा, पांढरं फडकं फिरवून ते पांढरंच निघेपर्यंत धुवा आणि लगेच ऑइल लावा. ही पायरी गाळली की नव्या रिंग काही महिन्यांत पुन्हा ऑइल खातात, आणि दोष मात्र पार्टवाल्याला जातो. प्रत्येक रिंग नुसती बोअरमध्ये सरकवून तिच्या दोन टोकांमधला गॅप फीलर गेजने मोजा, खूण असलेली बाजू वर, हे गॅप एकमेकांपासून फिरवलेले. पिस्टनवरचा बाण टायमिंग बेल्टच्या बाजूला. बेरिंग कॅप ज्या जागेवरून निघाल्या तिथेच आणि त्याच दिशेने. पेट्रोलचे रबरी पाइप सगळे बदला, आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं आणि झिरपतं. पहिल्या स्टार्टआधी प्लग काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारा. पहिले ५०० किलोमीटर ५०-६० च्या वर नाही, एकाच वेगात लांब नाही, आणि ५०० ला ऑइल-फिल्टर बदला, सुमारे ३ लिटर लागतं. म्हणजे लगेच कामावर न्यायची नाही, तीन-चार रविवार गावच्या रस्त्यांवर फिरवायची.

इंजिन पत्र्याच्या शेडच्या पाइपला टांगायचं नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली वडिलांनी जायचं नाही, स्टँड लावल्याशिवाय तर मुळीच नाही. सहा हजारांच्या हत्यारांत स्टँड मी मुद्दाम धरलेत.

वडिलांचे ५०,००० घेऊ नका. एसटीतून निवृत्त झालेल्यांना ईपीएसची (भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या कर्मचारी पेन्शन योजनेची) पेन्शन मिळते आणि ती तुटपुंजी असते, फंडाची रक्कमच त्यांचं खरं म्हातारपण आहे. घेतलेच तर ते कार घेण्यासाठी नकोत.

आता तुमच्या शिल्लकीचं. १,४०,००० मधून १,००,००० गेले की ४०,००० उरतात. तीन महिन्यांचा खर्च ८४,००० हाताशी असायला हवा, म्हणजे ४४,००० कमी. रोज कार काढली तर जादा पेट्रोल ४,०००, देखभाल १,०००, विमा २५० जाऊन महिन्याला ३,७५० उरतील. खड्डा भरायला वर्ष लागेल, टायर आणि सस्पेन्शनचे १८,००० त्यानंतरच. अर्धे दिवस कार आणि अर्धे दिवस आजच्यासारखं केलं तर ५,७५० उरतात आणि आठ महिन्यांत भरतो. आपल्याकडे पावसाचे दिवस थोडेच. पावसात, थंडीच्या सकाळी आणि मुलीला बरं नसेल तेव्हा कार, एरवी मोटरसायकल आणि एसटी, असं पहिलं वर्ष काढा. मोटरसायकल विकू नका. दर सीटला पैसे घेऊन कोणाला नेऊही नका, भाड्याने वापरलेल्या खासगी गाडीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते.

टायर मात्र आजच बघा. बाजूच्या भिंतीला भेगा असतील तर ते काम पुढे ढकलता येणार नाही, आणि मग कमाल किंमत ४०,००० वरून २८,००० वर येते.