मिनिमम भरतोय, तरी कर्ज हलत का नाही?

"मॅडम, एकपण महिना चुकवला नाही. दर महिन्याला मिनिमम भरतोय. तरी आकडा हाय तिथंच."

शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण कोल्हापुरात शिकायला आलेल्या मुलामुलींकडून हे वाक्य मी वारंवार ऐकते. मुलं माझ्याकडे समुपदेशनाला येतात ती झोप लागत नाही, अभ्यासात लक्ष नाही, अशी तक्रार घेऊन. क्रेडिट कार्डाचा विषय दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत निघतो, तोही मान खाली घालून. त्यातल्या एकाची ही हकिगत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटी थोडक्यात आणल्या आहेत.

मुलगा राधानगरी तालुक्यातला. बी.एस्सी. झाल्यावर वर्षभर शिरोली एमआयडीसीत नोकरी केली, त्या पगारावर ४०,००० रुपये लिमिटचं कार्ड मिळालं. मग नोकरी सोडून एम.एस्सी.ला प्रवेश घेतला. पगार थांबला, कार्ड मात्र चालू राहिलं. फी, खोलीचं डिपॉझिट, लॅपटॉपची दुरुस्ती, सगळं त्यावरच. शिष्यवृत्ती आली की फेडायचं ठरलं होतं; ती लांबली. माझ्याकडे आला तेव्हा थकबाकी ३८,००० होती. संध्याकाळी पार्सल पोचवून आठवड्याला २,००० च्या आसपास मिळायचे, घरून महिन्याला २,०००.

"स्टेटमेंट बघितलंस?"

"मेसेज येतोय की. मिनिमम किती ते कळतं."

"आतलं पान?"

"नाही उघडलं. उघडलं की पोटात गोळा येतो."

सहा महिने त्याने एकदाही पीडीएफ उघडली नव्हती. ती आम्ही तिथेच उघडली. पासवर्ड बऱ्याचदा नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख असा असतो, ईमेलमध्येच लिहिलेलं असतं. व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. ३८,००० वर ढोबळ मानाने १,३३० रुपये व्याज. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, २३९ रुपये. दोन्ही मिळून १,५६९. किमान रक्कम, म्हणजे त्याचं ते 'मिनिमम', थकबाकीच्या पाच टक्के: १,९००. त्याने वहीत वजाबाकी केली. उरले ३३१.

"म्हणजे एकोणीसशे भरले की तीनशे एकतीसच कमी होतात?"

"आणि रिचार्ज कुठून करतोस?"

तो गप्प झाला. तीनशे एकोणपन्नासचा रिचार्ज तो त्याच कार्डावरून करायचा.

इथे एक नियम कळायला हवा. मागची पूर्ण रक्कम भरली नसेल, तर बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. नवीन खरेदीला खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं. एटीएममधून कार्डावर रोख काढली, तर एरवीही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं आणि वर वेगळं शुल्क. व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा आहे, असं काही मुलं कुठेतरी वाचून येतात. ती मर्यादा राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या २००८ च्या निर्णयातली. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. तेव्हा त्या आशेवर थांबू नये.

हिशोब कळल्यावर मुलं सुधारतात, असं मला वाटत नाही. हा मुलगा तर गणित घेऊन पदवीधर झालेला. मिनिमम भरताना तो कर्ज फेडत नव्हता, महिनाभराची मनःशांती विकत घेत होता. लाजेपोटी आकडा झाकायचा आणि झाकलेला आकडा वाढला की आणखी लाजायचं, हे चक्र बाहेरून दिलेल्या उपदेशाने तुटत नाही. माणसाच्या स्वतःच्या घरात जे शहाणपण आधीपासून असतं, ते त्याला दिसावं लागतं. माझ्या कामाचा पाया हाच आहे आणि पुढच्या भेटीत त्याचाच उपयोग झाला.

"घरी जनावरं किती?"

"दोन म्हशी. आई बघते."

"दूध बिल?"

"दहा दिवसांनी. संस्थेत."

"आईच्या हातात पूर्ण येतं?"

"छे! पेंडीचे कापतात. उचल घेतली असली तर ती कापतात. मग ऱ्हायलेलं."

"आणि मग आई काय म्हणते?"

"काय म्हणणार? तेवढंच आपलं, असं धरून घर चालवते."

एवढं बोलून तो थांबला. बराच वेळ खिडकीकडे बघत बसला. मी काही बोलले नाही. अशा वेळी बोललेलं वायाच जातं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, कार्ड म्हणजे उचलच की. मी पगार समजून वापरतोय. आणि माझी उचल कापणारं कोण नाही."

उचल हा शब्द त्याचा. व्याजदर, क्रेडिट, लिमिट या शब्दांनी जे झालं नाही, ते या एका शब्दाने झालं. उचल घेण्यात लाज नसते, त्याच्या घरी तर ती कायमच घेतली जाते. फक्त ती आधी कापायची असते, उरल्यावर द्यायची नसते.

मग कापणी ठरवली. आठवड्याचे पैसे खात्यात पडतील त्याच दिवशी ७०० रुपये बाजूला. व्याज रोजच्या शिलकेवर लागतं, त्यामुळे शेवटच्या तारखेपर्यंत थांबायचं कारण नाही. पण खरं सांगायचं तर असं तुकड्यांत भरल्याने व्याजात महिन्याला चाळीसेक रुपयेच वाचतात. खरा फायदा म्हणजे पैसे हातात राहून खर्च होत नाहीत. यात एक खाच आहे आणि पुष्कळ जण तिथे अडकतात: स्टेटमेंट निघण्याआधी भरलेले पैसे नव्या किमान रकमेत धरले जात नाहीत. स्टेटमेंटच्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत साधारण वीस दिवस मिळतात. किमान रक्कम त्या दिवसांतच पूर्ण व्हायला हवी.

त्याच आठवड्यात त्याने कार्डाच्या ॲपमधून ऑनलाइन आणि टॅप करून होणारे व्यवहार बंद केले, ही सोय प्रत्येक बँकेत असते. जेवण मागवायच्या ॲपमधून कार्ड काढलं, आपोआप कापली जाणारी वर्गणी थांबवली. कार्ड वापरात राहिलं की फेड म्हणजे फुटक्या घागरीत पाणी.

यानंतर बँकेला फोन. थकबाकीचे मासिक हप्ते करून मागायचे आणि फोनवर चार गोष्टी लिहून घ्यायच्या: वार्षिक दर, प्रक्रिया शुल्क, मुदतीआधी फेडलं तर दंड, आणि दर फ्लॅट (पूर्ण मुदतभर मूळ रकमेवर) आहे की घटत्या शिलकेवर (उरलेल्या मुद्दलावर). शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. दोन वर्षांसाठी फ्लॅट १२ टक्के म्हणजे घटत्या शिलकेवर साडेएकवीसच्या आसपास. त्याला घटत्या शिलकेवर १८ टक्क्यांनी २४ महिने मिळाले. हप्ता १,८९७, वर व्याजावरचा जीएसटी पहिल्या महिन्यात १०३, पुढे कमी होत जाणारा. म्हणजे फार तर २,०००. स्टेटमेंटनंतरच्या वीस दिवसांत तीन वेळा सातशे भरले की २,१०० होतात, हप्ता सुटतो. दोन वर्षांत व्याज आणि कर मिळून नऊ हजारांच्या आत. १८ महिने घेतले असते तर दोन हजारांहून थोडे जास्तच वाचले असते, पण हप्ता २,५०० च्या पुढे गेला असता आणि परीक्षेच्या महिन्यात तो नक्की चुकला असता. चुकणारा मोठा हप्ता घेण्यापेक्षा पेलणारा लहान बरा, असं मी ठामपणे सांगते.

चौथे सातशे कार्डात भरायचे नाहीत, वेगळ्या खात्यात ठेवायचे. पंक्चर, परीक्षा शुल्क, दवाखाना. मुलं पुन्हा कार्डाकडे वळतात ती चैनीसाठी नाही, अशाच हजार-पंधराशेच्या अडचणीसाठी.

मधल्या काळात त्याला मित्राने मोबाईलवर लगेच कर्ज देणारं ॲप सुचवलं होतं. कार्ड फेडायला असलं कर्ज घेऊ नये. मुदत बऱ्याचदा काही दिवसांची, आणि फोनमधले सगळे नंबर त्यांच्या हाती जाऊ शकतात. कमी दराचंच हवं असेल, तर गावच्या पतसंस्थेत जामीनदार देऊन मिळतं का, ते विचारावं. पण त्यासाठी घरी सांगावं लागतं.

"घरी कळलं तर आई खचेल."

"उचल म्हणून सांग."

रविवारी तो गावी गेला. आईने एवढंच विचारलं, "किती, आणि किती कापायची?" दिवाळीला दुधाचा फरक (संस्था मागाहून देते ते जादा पैसे) येतो, त्यातले तीन हजार देते म्हणाली.

ज्यांना किमान रक्कमही जमत नाही, त्यांनी फोन बंद करून बसू नये. ९० दिवस उलटायच्या आत बँकेला लेखी कळवावं आणि हप्ते लांबवून मागावेत. 'सेटलमेंट' करून कमी पैशांत मिटवलं, तर कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या सिबिलच्या अहवालात 'सेटल्ड' असा शेरा लागतो आणि पुढे कर्ज मागताना तो आड येतो. म्हणून तो शेवटचा उपाय. देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच विलंब शुल्क लावता येतं. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचे नाहीत, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलं आहे. नुसतं बिल थकणं ही दिवाणी बाब आहे, "पोलीस पाठवतो" या धमकीने मुलांनी घाबरून जाऊ नये. त्रास झाला तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

आठव्या महिन्यात तो शेवटचा आला, वही घेऊन. झोप लागते म्हणाला. कर्जाचं उरलेलं मुद्दल २७,००० च्या खाली आलं होतं, वेगळ्या खात्यात साडेतीन हजार होते. फिटल्यावर कार्ड ठेवू की बंद करू, असं त्याने विचारलं. मी बंद करायला सांगितलं, नोकरी लागेपर्यंत तरी. थकबाकी शून्य झाल्यावर लेखी विनंती करायची, 'काही देणं नाही' असं पत्र घ्यायचं. सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झालं नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये बँकेने द्यायचे असतात. हे त्याने वहीत लिहून घेतलं, आईच्या दूध बिलाच्या चिठ्ठीशेजारी. ती त्याने पानावर चिकटवून ठेवली होती.