डेंग्यूचा ताप उतरलाय, पण प्लेटलेट ६२ हजारांवर आल्यात. भावाला घरी ठेवू की ॲडमिट करू?

तुम्ही लिहिलंय की भाऊ चोवीस वर्षांचा आहे, कर्वेनगरला राहता, डेंग्यूची एनएस१ रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली, आज पाचवा दिवस, कालपासून ताप नाही आणि प्लेटलेट दीड लाखावरून ६२ हजारांवर आल्या. डॉक्टर म्हणतात घरीच राहू दे, रोज रक्त तपासा. मामा म्हणतात, वाट कसली बघताय, ॲडमिट करा आणि प्लेटलेट चढवा. शेजारच्या काकू पपईच्या पानांचा रस करून घेऊन आल्या. शिवाय घरात आई आहेत, तीन वर्षांची भाची आहे, त्यांना लागण होईल का ही धास्ती.

मी पुण्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये मेडिसिन वॉर्डला सिस्टर आहे. पावसाळा लागला की पार दिवाळीपर्यंत आमच्याकडे डेंग्यूचे पेशंट येत राहतात. तुमच्या भावाला मी पाहिलेलं नाही, तेव्हा ॲडमिट करायचं की नाही हे त्याला तपासणारे डॉक्टरच ठरवतील. पण घरी ठेवताना नेमकं काय बघायचं, हे नातेवाइकांना कुणी निवांत बसून सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. डेंग्यूचे पहिले तीन-चार दिवस सडकून ताप असतो, डोळ्यांच्या मागे दुखतं, अंग ठेचून निघाल्यासारखं होतं. माणूस बेजार होतो, पण बहुतेकांना त्या दिवसांत जिवाचा धोका नसतो. धोक्याचे दिवस साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान येतात, नेमके ताप खाली येतो तेव्हा. त्या २४ ते ४८ तासांत काही जणांच्या रक्तवाहिन्यांतून रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, बाहेर झिरपायला लागतो. तो पोटात साचतो, फुप्फुसांभोवती साचतो. रक्त आतल्या आत घट्ट होत जातं, बीपी कोसळतं. डेंग्यूत माणूस दगावतो तो जास्त करून या शॉकमुळे. बाहेर रक्ताचा एक थेंबही न दिसता हे होऊ शकतं.

असे पेशंट आम्ही बघतो. ताप गेला, बरं वाटतंय, म्हणून घरचे म्हणतात आता जरा अंघोळ करून घे. बाथरूममध्ये उभं राहिल्या राहिल्या डोळ्यांपुढे अंधारी येते आणि तो खाली बसतो. आमच्याकडे आणतात तेव्हा पूर्ण शुद्धीत असतो, विचारलं की नाव-गाव सांगतो, घरचे म्हणतात अशक्तपणामुळे झालं असेल. हात हातात घेतला की बर्फासारखा गार. नख दाबून सोडलं की दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवं, ते पांढरंच राहतं. बीपी १००/८४. नातेवाइकांना वाटतं शंभर आहे म्हणजे ठीक आहे. आम्ही मात्र त्याच क्षणी डॉक्टरांना हाक मारतो, कारण वरच्या आणि खालच्या आकड्यातलं अंतर २० किंवा त्याहून कमी झालं की तो शॉक समजायचा. घरी बीपीचं मशीन असेल तर हे अंतर जरूर बघा.

म्हणून आजचा आणि उद्याचा दिवस भावावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. पोटात सतत दुखायला लागलं, दाबल्यावर जास्त दुखलं, उलट्या थांबेनात, नाकातून, हिरड्यांतून रक्त आलं, शौचाला काळं झालं, हातपाय गार पडले, श्वास लागला, एरवी बोलका मुलगा गप्प पडून राहिला किंवा उगाच चिडचिड, तळमळ करायला लागला, चार ते सहा तासांत लघवीच झाली नाही. यांतलं एक जरी दिसलं तरी उद्याच्या रिपोर्टची वाट बघू नका, रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट हॉस्पिटल गाठा. गाडीची सोय नसेल तर १०८ ला फोन करा, ती ॲम्ब्युलन्स मोफत असते. लघवीचं तर मी प्रत्येकाला सांगते की वहीत वेळ लिहून ठेवा. दुपारी कधी झाली होती ते संध्याकाळी कुणाला आठवत नाही.

आता तुम्ही रिपोर्ट हातात घ्या. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या तपासणीच्या, कागदावर प्लेटलेटच्या बरोबरीने आणखी एक आकडा असतो, हिमॅटोक्रिट किंवा पीसीव्ही नावाचा. सगळं घर प्लेटलेटवर नजर लावून बसतं आणि या आकड्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. रक्त किती घट्ट झालंय ते हा सांगतो. पहिल्या रिपोर्टात तो ४० होता आणि आज ४८ झाला असेल, म्हणजे वीस टक्क्यांनी वाढला, तर प्लाझ्मा गळतोय हे धरून चालायचं. प्लेटलेट ६२ हजार आणि पीसीव्ही जिथल्या तिथे असलेला, लघवी नीट होणारा, खाणारा-पिणारा मुलगा मला चालेल. प्लेटलेट ९० हजार, पण पीसीव्ही चढत चाललेला आणि पोट दुखणारा मुलगा मी एक तासही घरी ठेवू देणार नाही. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एकाच फाइलमध्ये लावून डॉक्टरांना दाखवा आणि पीसीव्हीबद्दल स्वतःहून विचारा.

प्लेटलेट चढवण्याबद्दल. मामांची काळजी मला कळते. आपल्याकडे ‘प्लेटलेट घसरल्या’ म्हटलं की घरातल्यांचे हातपाय गळतात, लगेच ग्रुपवर मेसेज फिरायला लागतात, डोनर हवा, डोनर हवा. पण रक्तस्राव नसेल तर नुसता आकडा कमी आहे म्हणून प्लेटलेट द्यायची गरज बहुतेकांना पडत नाही. रक्तस्राव नसताना साधारण १० हजारांच्या खाली आकडा गेला की डॉक्टर त्याचा विचार करतात. चढवलेल्या प्लेटलेट डेंग्यूच्या पेशंटच्या अंगात फार टिकतही नाहीत, त्याही नष्ट होतात. त्यात रिॲक्शनचा धोका, नको तितकं पाणी शरीरात जाण्याचा धोका आणि खर्च. आकडा खाली जातो, तळ गाठतो आणि मग आपोआप वर यायला लागतो. तुमच्या भावाचा उद्या ४५ हजार झाला तरी, बाकी सगळं ठीक असेल तर, घाबरून जाऊ नका. आणि खरंच रक्तस्राव सुरू झाला तर मात्र प्लेटलेट लागतात, तेव्हा कुरकुर करू नका.

पपईचा रस. काही छोट्या चाचण्यांत त्याने आकडा थोडा लवकर वर येतो असं दिसलंय. पण शॉक टळतो किंवा जीव वाचतो याचा पुरावा नाही, आणि वर सांगितलंच की जीव शॉकमध्ये जातो. तो रस कडूजहर असतो. आधीच मळमळणाऱ्या पेशंटला तो पाजला की उलटी होते आणि पोटात गेलेलं ताक, ओआरएस सगळं बाहेर येतं. हे मात्र मला परवडणारं नाही. काकूंचं मन मोडू नका, पण भावाला रस पाजू नका. त्याच पोटात एक पेला ओआरएस जाऊ दे.

कारण डेंग्यूवर विषाणू मारणारं औषध नाही. पाणी हेच औषध. दिवसभरात दोन-अडीच लिटर तरी पातळ पदार्थ पोटात गेले पाहिजेत, आणि नुसतं साधं पाणी नको, मीठ-साखर असलेलं हवं. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्ण पाकीट एकदम. अर्ध्या पेल्यात अंदाजाने पूड टाकू नका. दुकानात मिळणारी टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे, पाकिटावर डब्ल्यूएचओचं सूत्र लिहिलंय का ते वाचून घ्या. बाकी शहाळ्याचं पाणी, ताक, मीठ घातलेली भाताची पेज, मुगाचं कढण, जे त्याला जाईल ते. एका वेळी पेलाभर जात नसेल तर दर पाच मिनिटांनी दोन-दोन घोट. बीट आणि डाळिंबाचा रस हे दोन-तीन दिवस बाजूला ठेवा. त्यात वाईट काही नाही, पण उलटी झाली तर ते लाल रक्त आहे की डाळिंब हे आम्हालाही ओळखता येत नाही आणि विनाकारण धावपळ होते.

ताप परत आला तर फक्त पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी सांगितलेल्या डोसमध्ये, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर ठेवून. कॉम्बिफ्लाम, ब्रुफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन यांतलं काहीही नको, कमरेवरचं इंजेक्शनसुद्धा नको. या औषधांनी रक्तस्राव वाढू शकतो. सांधे फार दुखतात म्हणून चिकुनगुनिया समजून लोक मेडिकलमधून पेनकिलर आणतात. पुण्यात दोन्ही आजार एकाच मोसमात असतात, त्यामुळे डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत ती गोळी घ्यायची नाही.

सलाईनबद्दलही मामांना सांगा. ‘चार बाटल्या लावून टाका, बरं वाटेल’ असं डेंग्यूत चालत नाही. गळती थांबली की बाहेर झिरपलेलं पाणी स्वतःहून रक्तात परत यायला लागतं, आणि तेव्हा बाटल्या चालूच राहिल्या तर फुप्फुसात पाणी होऊन दम लागतो. हॉस्पिटलमध्ये पीसीव्ही, बीपी आणि लघवी बघून सलाईनचा वेग कमी-जास्त करतात. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात तासभर झोपवून बाटली चढवणं त्याच्या उपयोगाचं नाही.

एक सांगायला हवं. हे सगळं मी तरण्याताठ्या, बाकी धडधाकट मुलाबद्दल लिहितेय. गरोदर बाई, तान्हं बाळ, वयस्क माणूस, डायबेटिस, किडनी किंवा हृदयाचा आजार असलेला, किंवा खोलीवर एकटाच राहणारा विद्यार्थी असेल तर डॉक्टर लवकरच ॲडमिट करून घेतात आणि ते बरोबर आहे. भावाला याआधी कधी डेंग्यू झालाय का तेही डॉक्टरांना सांगा. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे आहेत. एकदा होऊन गेल्यावर पुढच्या वेळी दुसऱ्या प्रकारचा झाला तर तो गंभीर होण्याची शक्यता जास्त असते.

आता आई आणि भाची. भावाला शिवल्याने, त्याच्या ताटात जेवल्याने काही होत नाही. पण त्याला चावलेला एडिस डास आठ-बारा दिवसांनी दुसऱ्याला डेंग्यू देऊ शकतो. म्हणून आजारी माणसानेच मच्छरदाणीत झोपायचं, आणि दिवसासुद्धा. एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आधी जास्त. आपण मात्र रात्री झोपताना लिक्विडचं मशीन लावतो. भाचीला दिवसभर पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, दुपारी झोपते तेव्हा मच्छरदाणी लावा.

हा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि फार लांब उडत नाही, त्यामुळे त्याचा उगम तुमच्या घरात किंवा शेजारीपाजारीच असणार. २०२४ च्या जूनमध्ये तुमच्या शेजारच्याच एरंडवण्यात झिकाचे रुग्ण सापडले, तोही याच डासाचा. आमच्या सोसायटीत महापालिकेची माणसं तपासणीला आली होती तेव्हा सगळे गच्चीकडे बोट दाखवत होते. त्यांनी एका घरातला फ्रिज पुढे ओढला, मागचा ट्रे काढला आणि त्यावर टॉर्च मारला. बोटभर पाण्यात अळ्या वळवळत होत्या, उजेड पडताच सगळ्या तळाशी गेल्या. घर अगदी लख्ख होतं. त्या घरच्या वहिनींना त्या ट्रेमध्ये पाणी साठतं हेच माहीत नव्हतं.

तर आजच फ्रिजचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, मनी प्लांटची बाटली, एसीच्या पाण्याची बादली, गच्चीवरच्या ताडपत्रीच्या घड्या बघा. गुरुवारी पाणी बंद म्हणून बुधवारी भरून ठेवलेली पिंपं घट्ट झाका. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी केली की साखळी तुटते. पण नुसतं ओतून भागत नाही. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर, भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी असतानाही कित्येक महिने टिकतात. कडा घासणीने खरवडून घासा, मग वाळवा. धूरफवारणीसाठी फोन जरूर करा, पण तिने उडणारे डास मरतात, अळ्या तशाच राहतात.

पुढच्या दोन आठवड्यांत आईंना किंवा भाचीला ताप आला तर अंगावर काढू नका. पहिल्या-दुसऱ्या दिवशीच डॉक्टरांना दाखवून एनएस१ करा. पाच दिवस उलटून गेले की एनएस१ निगेटिव्ह येऊ शकते, तेव्हा आयजीएम ही दुसरी रक्ततपासणी करावी लागते. आणि भाचीच्या बाबतीत घरी थांबायचं की नाही हे बालरोगतज्ज्ञांना पहिल्याच दिवशी विचारा, लहान मुलांची तब्येत मोठ्यांपेक्षा फार लवकर बिघडते.