साल नवऱ्याचं, मग बायकोचं काम कोणाच्या खात्यात? वाचकांची प्रश्नोत्तरे

निंदणाला मला कमी रोज आणि त्याच निंदणाला नवऱ्याला जास्त. चालतं का? (दारव्हा)
नाही. त्याच कामाला बाई म्हणून कमी देणं 1976 पासून बेकायदेशीर आहे. किमान वेतनाचा चालू दर कामगार कार्यालयात विचारून घ्या.

दोघं कापूस वेचतो, वजन एकत्र होतं, पैसे नवऱ्याच्या हाती येतात. (दर्यापूर)
गाठोडी वेगळी बांधा, काटा वेगळा करा.

पाडव्याला नवऱ्याचं साल (मालकाकडे वर्षभर राबायचा करार) ठरलं, उचलही (आगाऊ रक्कम) घेतली. आता मालक म्हणतो, बायकोनं गोठा झाडायचा, शेण काढायचं, ते सालातच आलं. (आर्वी)
आलं नाही! गावोगावी हेच चालू आहे, आणि "पहिल्यापासून असंच आहे" हे उत्तर ऐकून घेऊ नका. रोजचे दोन तास धरा. वर्षाचे सातशे तीस तास होतात, म्हणजे आठ तासांचे एक्क्याण्णव रोज. एवढी मजुरी फुकट जाते, कारण साल ठरताना बायको बोलणीत नसते.

साल ठरेल त्याच दिवशी कागद करा: रक्कम, उचल, धान्य, सुट्ट्या, खाड्याची (गैरहजेरीची) कपात. खाली एक ओळ हवीच, "पत्नीचे काम यात नाही, केल्यास रोज वेगळा". दोन प्रती, दोन साक्षीदार. खाड्यांची वही स्वतःकडेही ठेवा. गोंधळ होतो तो इथेच: खाडे नवऱ्याचे वाढतात, उचल फिटत नाही आणि फेडायला बायको उभी राहते. उचलीच्या कागदावर तिचा अंगठा देऊ नका. उचलीपोटी घरच्यांना राबवून घेणं 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात येऊ शकतं. तुमच्या बाबतीत येतं का, ते वकिलालाच कागद दाखवून ठरवा. तालुका विधी सेवा समितीत बाईला, मिळकत कितीही असो, वकील मोफत मिळतो. फोन 15100. साल संपायची वाट पाहू नका, आजच जा.

सातबाऱ्यावर बायकोचं नाव चढवलं तर पीएम किसानचे दोन हप्ते मिळतील, असं एक दलाल सांगतो. शेजारी म्हणतात, लाडकी बहीण बंद होईल. (मूल)
दोन्ही ऐकीव. नवरा, बायको आणि अज्ञान मुलं मिळून एक कुटुंब, हप्ता एकच. लाडकी बहीणची पाच एकरांहून जास्त शेती नको ही अट जुलै 2024 मध्येच काढली. शेतात ती राबते म्हणून नाव जरूर चढवा. लक्ष्मी मुक्ती योजनेतून नवऱ्याने अर्ज करायचा, तलाठ्याला विचारा. दलालाला एक रुपयाही देऊ नका. जमिनीवर बोजा (कर्जाची नोंद) असेल तर आधी बँकेत, वर्ग 2 ची (सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर न होणारी) असेल तर आधी तहसीलमध्ये विचारा.